ही कट्यार कोणाची?

सहलीहून परतताना माझ्या मैत्रिणींच्या पिशव्यांत कंदी पेढे होते आणि माझ्या पिशवीत कट्यार होती. डिसेंबर २०२४ ची ही गोष्ट. लंडनहून आलेली वाघनखे पाहण्यासाठी आमचा वर्ग साताऱ्याला गेला होता. परतीच्या वाटेवर गाडी चहासाठी थांबली, शेजारी एक दुकान दिसले आणि तिथे ही कट्यार मी १,८०० रुपये मोजून घेतली. दुकानाच्या पाटीवर 'शिवकालीन शस्त्रे' असे ठळक अक्षरांत लिहिलेले होते. त्याखाली 'प्रतिकृती' हा शब्दही होता, पण पाटी रंगवणाऱ्याची जागा तिथवर संपत आली असावी, कारण तो शोधावा लागत होता. हे पैसे माझ्या शिष्यवृत्तीतले होते, हे आधीच कबूल करून टाकते. म्हणजे पुढे मी चार शहाणपणाच्या गोष्टी सांगू लागले, तर त्या ठेच लागल्यावरच्या आहेत एवढे वाचकांच्या ध्यानात राहील.

दोन दिवसांनी ती कट्यार वर्तमानपत्रात गुंडाळून मी इतिहासाच्या सरांकडे नेली. सरांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि तीन प्रश्न विचारले. ही कोणत्या मूळ कट्यारीची प्रतिकृती आहे? ती मूळ कट्यार आज कुठे आहे? आणि ही घडवली कोणी? तिन्ही प्रश्नांना माझ्यापाशी एकच उत्तर होते, "शिवकालीन आहे, सर." सर हसले नाहीत. कट्यार परत देत एवढेच म्हणाले, "म्हणजे कोणाचीच नाही."

ते वाक्य माझ्या मनातून जाईना. सरांचा थोडा रागही आला. कौतुकाने आणलेल्या वस्तूचे असे पंचनामे करायचे असतात का? परंतु वर्षभर त्या तीन प्रश्नांचा पाठपुरावा केल्यावर माझे जे मत बनले, ते विद्यार्थी-मित्रांपुढे आणि गुरुजनांपुढे मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच. माझे मत थोडक्यात असे : जुन्या शस्त्रांच्या प्रतिकृती अवश्य घ्याव्यात, पण चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत. चिठ्ठी म्हणजे संग्रहालयात वस्तूशेजारी ठेवलेला तो छोटासा कागद. वस्तू काय, कुठली, केव्हाची आणि कोणाची, हे जो सांगतो तो.

आधी प्रतिकृतीच्या बाजूने बोलते, कारण तिला सरसकट 'नकली माल' म्हणून हिणवणारेही पुष्कळ आहेत. कट्यार हा शब्द माहीत नाही असा मराठी माणूस विरळा. १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या एका संगीत नाटकाने तो घरोघर नेला आणि २०१५ साली त्यावर निघालेल्या चित्रपटाने आमच्या पिढीपर्यंत आणला. पण ती धरायची कशी, हे आमच्या वर्गातल्या साठांपैकी कितीजणांना सांगता आले असते? सुरीची मूठ पात्याच्या रेषेत असते. कट्यारीची मूठ मात्र आडवी. दोन बाजूंना दोन उभ्या पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. दांडे मुठीत घट्ट आवळले की पट्ट्या मनगटाच्या दोन्ही बाजूंना येतात आणि पाते थेट बोटांच्या पेरांपुढे उभे राहते. मग कापायचे नसते, ठोसा मारावा तशी ती खुपसायची असते. म्हणून तर पाते त्रिकोणी, मध्ये उंच शिर असलेले, आणि पुष्कळ कट्यारींचे टोक मुद्दाम जाड ठेवलेले, म्हणजे चिलखताच्या कड्यांत शिरताना ते मोडू नये. काचेच्या पेटीतली कट्यार तासभर पाहूनही हे मला उमगले नसते. ही १,८०० रुपयांची वस्तू मुठीत धरली आणि एका क्षणात उमगले. हाताला कळते ते डोळ्याला कळतेच असे नाही. मूळ वस्तूला कोणी हात लावू देणार नाही, आणि देऊही नये. तेव्हा हातासाठी प्रतिकृती हवीच.

मग बिनसते कुठे? प्रतिकृती आपली ओळख लपवू लागते तिथे. इथे वाघनखांचेच उदाहरण घेऊ. १९ जुलै २०२४ रोजी साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात मांडलेली ती वाघनखे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमची. तीन वर्षांच्या मुदतीने ती महाराष्ट्रात आली. ती साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्याकडे होती, पुढे त्याच्या वंशजाने म्युझियमला दिली. अफजलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ चा, म्हणजे ग्रँट डफच्या आधी दीडशेहून अधिक वर्षांचा. त्या प्रसंगी वापरलेली वाघनखे ती हीच का? हे पडताळून सांगता येत नाही, असे म्युझियमने आपल्या नोंदीत स्वतःच लिहून ठेवले आहे. कोल्हापूरचे इतिहास-संशोधक इंद्रजित सावंत यांनी हीच शंका जाहीरपणे मांडली, तेव्हा बराच वाद झाला. काहींना ती शंका म्हणजे श्रद्धेवर घाला वाटली. मला तसे वाटत नाही. इतक्या मोठ्या नावाशी जोडलेल्या वस्तूच्या चिठ्ठीवर 'खात्री नाही' हे शब्द लिहायला संग्रहालय धजते, तर चार महिन्यांपूर्वी कारखान्यातून निघालेल्या कट्यारीवर 'शिवकालीन' लिहायला आपला हात कसा कचरत नाही?

आणि 'अस्सल', 'आपली', 'शुद्ध' हे शब्द तरी शस्त्रांच्या बाबतीत जपून वापरावेत असे आता मला वाटते. सतराव्या शतकात दख्खनच्या सरदारांना युरोपातून आलेली पाती फार प्रिय होती. त्या पात्याला आपली मूठ बसवली की ती 'फिरंग'. मोडलेल्या फिरंगी तलवारीचे पाते तोडून कट्यारीला बसवल्याचे नमुने संग्रहालयांत आहेत. कोल्हापूरकर छत्रपतींनी १८७५-७६ च्या दौऱ्यात इंग्लंडच्या युवराजाला भेट दिलेली आणि आज तिथल्या राजसंग्रहात असलेली प्रसिद्ध तलवारही युरोपीय पात्याचीच आहे. म्हणजे ज्यांना आपण अस्सल म्हणतो त्यांनीच चांगले पोलाद जिथून मिळाले तिथून घेतले. त्यांना शुद्धतेची चिंता नव्हती, पाते टिकण्याची होती.

हा प्रश्न आपल्याच मुलखातला आहे असेही नाही. आम्हां इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना भाषेचा इतिहास शिकताना अँगल, सॅक्सन, ज्यूट अशी टोळ्यांची नावे पाठ करावी लागतात. ती पाठ करतानाच मला समजले की 'सॅक्सन' हे नाव 'सीक्स' या शब्दावरून आले असे अभ्यासक मानतात, आणि सीक्स म्हणजे एकधारी सुरी. अख्ख्या लोकांना त्यांच्या कमरेच्या सुरीवरून नाव पडले! १८५७ साली लंडनमध्ये बॅटरसीजवळ थेम्स नदीत एका मजुराला अशी एक सीक्स सापडली. दहाव्या शतकाच्या सुमाराची, बहात्तरेक सेंटिमीटर लांबीची. तिच्या पात्यावर धातूच्या तारा ठोकून जुन्या रूनिक लिपीची २८ अक्षरे ओळीने बसवलेली आहेत आणि शेजारी एक नाव आहे, बेआग्नोथ. हा बेआग्नोथ ती घडवणारा लोहार की ती कमरेला लावणारा धनी, हे आज कोणालाही सांगता येत नाही. ब्रिटिश म्युझियमच्या चिठ्ठीवर तेही प्रामाणिकपणे नोंदलेले आहे.

आज तिकडे सीक्सच्या प्रतिकृती हौसेने घेतल्या जातात आणि तिकडच्याही बाजारात दोन जाती आहेत. एक, संग्रहालयातल्या अमुक क्रमांकाच्या सुरीवरून माप घेऊन, लोहाराने आपल्या नावाचा ठसा मारून केलेली. दुसरी, नुसतीच जुनाट दिसणारी. गंमत म्हणजे एसेक्स परगण्याच्या चिन्हावर ज्या तीन सीक्स काढलेल्या आहेत त्या वाकड्या तलवारीसारख्या असून त्यांच्या पाठीवर एक खाच आहे. प्रत्यक्ष सापडलेल्या सीक्सशी त्यांचे काडीचे साम्य नाही. म्हणजे ज्यांचे नाव सुरीवरून पडले त्यांचे वंशजही आपली सुरी कशी होती ते विसरले. आणखी एक गंमत : युरोपातल्या मध्ययुगीन तलवारींच्या आणि खंजिरांच्या प्रतिकृती आपल्या डेहराडूनमध्ये मोठ्या प्रमाणावर तयार होऊन परदेशी जातात. तिकडे एखादा हौशी इंग्रज पूर्वजांची सुरी म्हणून जी भिंतीवर लावतो, ती कदाचित आपल्याच कारागिराने घडवलेली असेल. त्या कारागिराचे नाव तिथल्या चिठ्ठीवर असेल का? मला शंका आहे.

आता माझ्या कट्यारीकडे वळते. तिची मूठ पितळी रंगाची होती, पितळेची नव्हती. पात्यावर मुद्दाम काळपट डाग पाडलेले होते, म्हणजे ती जुनी वाटावी. नव्या वस्तूला जुने दाखवण्यासाठी केलेली ही मेहनत ती नीट बनवण्यात खर्च झाली असती तर! दुकानदाराने एक गोष्ट मात्र बरोबर केली होती, तिची लांबी. पाते साडेआठ इंचांचे आणि रुंदी पावणेदोन इंच. त्याचे मर्म मला पुढे कळले. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची तीक्ष्ण हत्यारे शस्त्रांच्या यादीत येतात. घरकाम, शेती, उद्योग यांसाठीची अवजारे तेवढी त्यातून वगळलेली आहेत. शिवाय मनाई आदेश लागू असताना कोणतेही हत्यार रस्त्यावर मिरवता येत नाही. तलवारीने वाढदिवसाचा केक कापणाऱ्या वीरांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. माझी विनंती आहे की प्रतिकृती घेणाऱ्याने एवढे तरी पाहावे : धार नसावी, मापे नियमात असावीत, आणि ती वर्तमानपत्रात गुंडाळून कॉलेजात आणू नये. मी आणली, ते चुकलेच.

एवढे लिहून हा लेख संपवता आला असता. पण सरांच्या तीन प्रश्नांच्या मागे एक चौथा प्रश्न होता, तो सरांनी विचारला नव्हता. तो माझ्या आईने विचारला.

१ ऑक्टोबर २०२५ ला खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी हत्यारे-अवजारे धुऊन-पुसून पाटावर मांडतात. विळी, विळा, खुरपे, वडिलांचा हमालीचा हूक आणि कोयता. त्या ओळीत मी माझी कट्यार नेऊन ठेवली. आईने सगळ्यांना हळदकुंकू लावले. कट्यारीपाशी तिचा हात थांबला. "ह्येनं काय कापत्यात गं?" तिने विचारले. मी म्हणाले, "काही नाही. शोभेची आहे." "मग हितं कशाला मांडलीस?" असे म्हणून तिने कुंकू लावायचे ते लावले, पण मी उत्तर देऊ शकले नाही.

उत्तर मला माहीत होते, ते इथे लिहिते. आमचे श्रीरामपूर हे गाव जुन्या वाड्यांचे नाही, किल्ल्याचे नाही. ते रेल्वेने आणि पाटाच्या पाण्याने मोठे केलेले गाव. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले, ऊस आला, हरेगाव-टिळकनगरला साखर कारखाने उभे राहिले आणि १९५० मध्ये शेजारी लोणीला सहकारी कारखाना सुरू झाला. ऊस आला तसा तो तोडणाराही आला. माझे आई-वडील पाथर्डी तालुक्यातून ऊसतोडीला या भागात आले ते पुढे इथेच राहिले. वडील मार्केट यार्डात हमालीला लागले. शाळेत असताना 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'व्यापार' लिहीत असे. धान्याची पोती उचलणे हा व्यापाराचाच एक भाग आहे अशी मी माझी समजूत घातली होती. आणि घरातला कोयता मी पलंगाखाली सारीत असे, मैत्रिणी येणार असल्या की. साताऱ्याहून मी कट्यार का आणली? कारण आमच्या भिंतीवर टांगण्याजोगे काही असावे असे मला वाटत होते. घरात पाते होते. मला दुसऱ्या कोणाचे तरी हवे होते.

ऊसतोडीत 'कोयता' या शब्दाचा जो अर्थ आहे तो शब्दकोशात सहसा सापडत नाही. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एक कोयता म्हणजे एक नवरा आणि एक बायको. एकटे माणूस असेल तर तो अर्धा कोयता. मुकादमाच्या वहीत माझे आई-वडील अनेक हंगाम 'एक कोयता' म्हणून नोंदलेले होते. दसरा झाला की निघायचे, दोघांनी मिळून बुडख्यापाशी ऊस तोडायचा, पाचट सोलायचे, वाढे छाटायचे, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावर वाहून गाडी भरायची. सुरीवरून माणसांना नाव पडल्याचे सॅक्सनांचे उदाहरण वाचून मला नवल वाटले होते. माझ्याच घरात ते उदाहरण दोन वेळची भाकरी थापत होते आणि ते मला दिसले नव्हते. फरक एवढाच की सॅक्सनांना ते नाव राष्ट्र म्हणून मिळाले, आणि आमच्याकडे दोन माणसांचा हिशेब सोपा व्हावा म्हणून.

त्याच दिवशी आणखी एक फजिती झाली. कट्यार पुसताना तिची मूठ हलू लागली, रिबीट सैल झाले होते. आई म्हणाली, "लोहाराकडं नेऊन आण." आठवडे बाजाराच्या वाटेला एक घिसाडी कुटुंब पाल टाकून बसते, तिथे मी गेले. म्हातारा सांडशीने लोखंड धरून होता, समोर त्याची सून घण मारत होती. या कामात घण बहुधा बाईच्याच हाती असतो. आपले पूर्वज सैन्यासाठी हत्यारे घडवीत, असे त्यांच्यातले वडीलधारे सांगतात. म्हाताऱ्याने कट्यार हातात घेतली, पात्यावर नखाने टिचकी मारली आणि कान लावला. "ताई, ह्याला पाणीच न्हाई पाजलं," तो म्हणाला. "नुसता पत्रा कापून घासलाय. कितीला घेतली?" मी किंमत सांगितली नाही. विषय बदलण्यासाठी मीच विचारले, "मामा, कोयता कितीला देता?" "अडीचशे. मालमोटारीच्या पाट्याचा आहे. दोन हंगाम धार लावायची, बास."

तिथे उभी राहून मी ते काम पाहिले. मालमोटारीच्या स्प्रिंगचा पाटा भट्टीत लाल करायचा, ऐरणीवर ठोकून लांबवायचा, टोकाशी किंचित वाक द्यायचा, मग कडेचा रंग पाहून नेमक्या क्षणी पाण्यात बुडवायचा. क्षण चुकला तर पाते एक तर ठिसूळ होते नाहीतर मऊ राहते. 'पाणी पाजणे' हा शब्द मी माणसाच्या संदर्भात शंभर वेळा ऐकला होता. लोखंडाला ते कसे पाजतात ते त्या दिवशी पाहिले. म्हाताऱ्याने दोन ठोके मारून माझे रिबीट बसवले आणि पैसे घेतले नाहीत. "शोभेची हाय, तिचे काय पैशे," म्हणाला.

इथे माझ्यावर एक आक्षेप येईल, तो आमच्या गटचर्चेत आलाही. म्हणजे काय, कट्यारीला नावे ठेवून कोयत्याचे गोडवे गायचे? राजांचा इतिहास नको, मजुरांचा हवा, एवढेच ना? नाही. माझ्या मते ही वाटणीच चूक आहे. कट्यार घडवणाराही लोहारच होता. ज्या सैनिकाच्या कमरेला ती होती त्याच्या घरी विळा आणि नांगर होता. आपल्या जिल्ह्यात मोठी शस्त्रे झाली नाहीत असेही नाही. विजापूरच्या तटावर आज जी 'मलिक-ए-मैदान' तोफ आहे ती १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली, आणि ती ओतणाऱ्या रूमी कारागिराचे नाव तोफेवर कोरलेले आहे. सुलतानाच्या नावाबरोबर कारागिराचे नाव लिहिण्याइतके मन त्या काळातही मोठे होते. ते आपण आज लहान का करावे? दुसरा आक्षेप असा की, कोयत्याचे काय कौतुक, वर्तमानपत्रांत तर 'कोयता गँग' गाजते आहे. खरे आहे. कोयत्याने शहरात दहशत घालणारी पोरे आहेत आणि त्यांना शिक्षा व्हायलाच हवी. पण त्या बातम्यांमुळे माझ्या आईच्या हातातल्या वस्तूचे नाव गुन्हेगारीच्या रकान्यात जाऊन बसले आहे, आणि तिच्या कामाची नोंद दुसऱ्या कोणत्याही रकान्यात नाही. चिठ्ठी आपण लिहिली नाही तर ती दुसरे कोणीतरी लिहिते, आणि आपल्याला हवी तशी लिहीत नाही.

शिवाय वेळ थोडा आहे. ऊसतोडणीची यंत्रे फडात येऊ लागली आहेत. एक यंत्र किती कोयत्यांचे काम करते याच्या चर्चा पारावर चालतात. यंत्र यावे. आईची मान आणि कंबर ज्या मोळ्यांनी गेली त्या मोळ्या दुसऱ्या कोणा बाईच्या डोक्यावर पडू नयेत, असेच मी म्हणेन. पण त्यानंतर पन्नास वर्षांनी काय होईल ते मला आताच दिसते. एखाद्या महामार्गावर एखादे दुकान असेल, पाटीवर 'पारंपरिक ग्रामीण अवजारे' असे ठळक लिहिलेले असेल. पॉलिश केलेल्या मुठीचा, पाणी न पाजलेला, मुद्दाम गंजवलेला कोयता तिथे कित्येक हजारांना मिळेल. एखादी मुलगी तो हौसेने घेऊन येईल आणि तिचे सर तिला विचारतील : कोणत्या कोयत्याची ही प्रतिकृती? तो कुठे आहे? कोणी घडवला? त्या मुलीला उत्तर मिळावे असे वाटत असेल तर ते आज लिहून ठेवावे लागेल.

म्हणून माझी सूचना आहे. आपल्या इतिहास विभागाच्या काचेच्या कपाटात नाणी आहेत, दोन जुने कागद आहेत. त्यात मी माझी कट्यार देते. तिची चिठ्ठी अशी असावी : 'कट्यार. आधुनिक प्रतिकृती. कोणत्याही ज्ञात मूळ कट्यारीवरून केलेली नाही. कारागीर अज्ञात. खरेदी डिसेंबर २०२४, किंमत १,८०० रुपये. कट्यार कशी धरतात हे समजण्यास उपयुक्त.' यात खोटे काही नाही आणि तिचा अपमानही नाही. हातात घेऊन पाहायला ती सर्वांना खुली असावी, तेवढ्यासाठीच ती चांगली आहे. पुढे कधी विभागाला पैसे मिळाले तर एखाद्या संग्रहालयातल्या कट्यारीचे माप आणि चित्र आणून, सरांच्या देखरेखीखाली आणि कायद्याच्या मापात, आपल्याच लोहाराकडून दुसरी करून घ्यावी आणि तिच्यावर त्याचा ठसा असावा. मी त्याला विचारून आले आहे. "माप आणा, करतो की," असे तो म्हणाला.

आणि तिच्या शेजारी कोयता ठेवावा. आईला विचारले तेव्हा ती आधी हसली. "त्यो कशाला कपाटात? त्येची धार गेलीया." मग उठून तिने तो स्वतःच पलंगाखालून काढला. मुठीवर जुन्या साडीची चिंधी गुंडाळलेली आहे, हाताला फोड येऊ नयेत म्हणून. ती काढू का, असे तिने विचारले. मी म्हणाले, राहू दे.

त्याची चिठ्ठी मी लिहिली आहे. 'ऊसतोडीचा कोयता. मालमोटारीच्या पाट्यापासून घडवलेला. वापर : प्रवरा खोऱ्यातील ऊसफड.' लोहाराचे नाव विचारून घेतले, तेही लिहिले. वापरणाऱ्यांच्या जागी मुकादमाच्या वहीत होते तसे 'एक कोयता' न लिहिता दोन नावे लिहिली आहेत. आधी आईचे, मग वडिलांचे, दोन्ही पूर्ण. वडिलांनी चिठ्ठी हातात घेऊन दोनदा वाचली आणि विचारले, "व्यापार कुठं लिहिलाय?" त्यांना ते ठाऊक होते हे मला त्या दिवशी कळले.